मुहर्रकमधला वाळ्याचा कूलर

नागपूर,
६ एप्रिल १९९१

प्रिय गोपी,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. लढाई संपली आणि तू, रश्मी, संघप्रिया तिघंही धडधाकट आहात, हे वाचून बाबा गल्लीतल्या चार घरांत जाऊन सांगून आले. दोन महिने हा माणूस रेडिओला कान लावून बसला होता. आता घोशा लावलाय, "गोप्याकडे जाऊन येतो. नातीले तीन वर्षं झाले पायलं नाई."

तू दर पत्रात बोलावतोस, तर आता पाठवतेच. तुझ्या वर्कशॉपमधले जयप्रकाशजी वर्ध्याला सुट्टीवर आलेत. अकरा मेला ते परत निघतील. त्यांच्यासोबत बाबा येतील. तीन महिन्यांचा व्हिजा काढ. चार वर्षं झाली, बाबा माझ्याचकडे आहेत. मुलगा म्हणून तुझाही काही हक्क आहे की नाही?

तब्येतीचं विचारलंस. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस, खोकला असणारच. जिना चढताना धाप लागते, ती वयाची. बाकी ठणठणीत. भाकरी दोन खातात आणि भांडण रोज करतात.

एकच विचारायचं आहे. कुवेतच्या तेलविहिरी अजून जळताहेत, धूर आखातभर पसरलाय, असं पेपरात येतं. तुमच्याकडे येतो का धूर? खरं काय ते लिही. माझ्याशी गोडीगुलाबी नको.

तुझी,
राधाताई


मुहर्रक,
१८ एप्रिल १९९१

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

व्हिजाचा अर्ज टाकला. हापिसातला माणूस "इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात" म्हणाला. म्हणजे पंधरा दिवस धर.

धूर कुवेतला आणि मी मुहर्रकला, मधे चारशे किलोमीटर. हैदराबादला कोणी चूल पेटवली तर नागपुरात तुझ्या डोळ्यांना पाणी येतं का? पेपरवाल्यांना काहीतरी छापायला लागतं. इकडे सगळं साफ आहे. तू शाळेतल्या पोरांची काळजी कर, आमची नको.

घर तर तू फोटोत पाहिलं आहेस. विमानतळाजवळच्या जुन्या गल्लीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या. वर घरमालकीण खदिजा राहते. साठीची बाई, जुने हिंदी सिनेमे पाहून पाहून मोडकंतोडकं हिंदी बोलते. बाबांचं आणि तिचं जमेल, दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. रश्मी सकाळी मनामाला ऑफिसात जाते, संघप्रिया ईसा टाउनच्या शाळेच्या बसमध्ये. मी शिफ्टवर. दुपारी तीनपर्यंत घर बाबांचंच.

ताई, मी आठ वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा आई होती. तिला आणायचं राहून गेलं. बाबांचं तसं व्हायला नको. एवढंच वाटतं.

तुझा,
गोपी


नागपूर,
१० मे १९९१

प्रिय गोपी,

हे पत्र जयप्रकाशजींच्या हाती देते आहे. सोबत बाबा आणि एक गोणपाटाचा गठ्ठा. गठ्ठ्यात वाळ्याच्या तीन ताट्या आहेत. घाबरू नकोस, मी वेडी झालेले नाही.

नीट वाच. बाबांना एसी लावायचा नाही. मागे मुंबईला माझ्या दिराकडे दोन रात्री एसीत झोपले आणि आठ दिवस छाती धरून बसले होते. सांधे आखडतात ते वेगळंच. तू वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन आहेस, एक कूलर जोडणं तुला काय अवघड? पंखा, पाण्याची मोटर आणि या ताट्या. इथे पारा पंचेचाळीसला गेला तरी आपण सगळे त्याच हवेवर जगतो. बाबा त्या वासाशिवाय झोपतच नाहीत.

औषधाच्या पिशवीत खोकल्याची बाटली आणि गुडघ्याचं तेल आहे. दुसरं काही नाही.

त्यांना रेडिओ दे, नात दे आणि दुपारी बाहेर सोडू नकोस. निघताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "राधी, आता तूही जरा उन्हाळाभर आराम कर." बरं वाटलं ऐकून, आणि लाजही वाटली.

तुझी,
राधाताई


मुहर्रक,
२१ जून १९९१

प्रिय ताई,

कूलर चालू झाला! महिनाभर पत्र नाही म्हणून चिडली असशील, पण त्याच कामात होतो.

आधी कस्टमची गंमत ऐक. अधिकाऱ्याने गठ्ठा उघडला, हुंगला आणि विचारलं, हे गवत कसलं? बाबा मराठीतून त्याला समजावतात, "साहेब, हा वाळा आहे, वाळा, अंगाले थंड." जयप्रकाशने शेवटी पंख्याचं चित्र काढून दाखवलं. अधिकारी हसला, म्हणाला, "यल्ला, जाओ."

पत्रा वर्कशॉपच्या भंगारातून, पंखा एका जुन्या एक्झॉस्टचा, मोटर मनामाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून. बाबांच्या खोलीतला एसी काढला आणि त्याच खिडकीत कूलर बसवला, तोंड आत, पाठ बाहेर. पहिल्या दिवशी पाणी सोडलं आणि वाळ्याचा वास सुटला, तेव्हा बाबा बनियनवर कूलरसमोर मांडी घालून बसले. "आता वाटते घरी आल्यासारखं," म्हणाले. मला उगाच भरून आलं.

खदिजाबाई तेवढी नाराज. जिन्यावरून ओरडून गेली, "गोपी, दो महिना बाद हवा में इतना पानी आता, तुम और पानी डालता? मफी जैन, अच्छा नहीं. खिडकी बंद करो, एसी लगाओ." मी म्हटलं, अम्मा, ऊन म्हणजे काय ते आमच्या विदर्भाला विचारा. सत्तेचाळीस डिग्री आम्ही खिशात कांदा ठेवून काढतो. ती हात झटकून वर गेली.

बाबा मजेत. सकाळी समुद्रापर्यंत फिरून येतात. वाटेत दोनदा बसतात, लोकांची ये-जा बघत. संघप्रियाला पाढे शिकवतात. ते मराठीत विचारतात, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि उत्तर बरोबर असतं म्हणून दोघंही खूश.

व्हिजा महिनाभर वाढवून घेतो आहे. सप्टेंबरात पाठवीन. चालेल ना?

तुझा,
गोपी


मुहर्रक,
९ जुलै १९९१

राधी,
जयभीम.

हे पत्र जयप्रकाशच्या हातानं टाकून राहिलो. गोप्याले माहीत नाई. अक्षर वाईट आहे, समजून घेजो.

मी सुखात आहो. सून चांगली आहे. पोट्टी तर जीव आहे माहा. पण तुले एक सांगतो. इथे धूर येते. उत्तरेकडून वारा सुटला का आकाश काळं होते. एक दिवस दुपारी बारा वाजता गाड्या दिवे लावून चालून राहिल्या होत्या. वाळत घातलेल्या कपड्यावर काळे ठिपके पडते. गोप्या म्हणते, "ताईले लिहू नका, ते उगाच घाबरते." म्हणून तो लिहीत नाई.

कूलरच्या ताट्या धुतल्या का पाणी काळं निघते. खाणीतून आल्यावर आंगावरून निघे तसं. गोप्या खूश होऊन म्हणते, "पाहा बाबा, वाळा धूर अडवून राहिला." मी म्हणतो, हो बाबू.

थुंकी काळी येते, राधी. खाण सोडून अकरा वर्षं झाले, बंद झाली होती, आता पुन्हा येते. रात्री उशी उंच करून बसतो.

तू दवाखान्यातल्या छातीच्या फोटोचं गोप्याले सांगितलं नाई, मीही सांगितलं नाई. तो धूर लपवते, तू फोटो लपवते. दोघंही एकाच मायचे लेकरं. पण आता गप्पच राय. नाई तर तो मले दुसऱ्या दिवशीच विमानात बसवीन. पोट्टीचे पाढे एकोणीसपर्यंत आले. तीस झाले का मी येतोच. तुले माह्या गळ्याची आण आहे.

तुहे,
बाबा


नागपूर,
२४ जुलै १९९१

प्रिय गोपी,

शाळा सुरू झाली, म्हणून घाईत लिहिते.

बाबांना एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवून आण. काही विशेष नाही. वय आहे, परका मुलुख आहे, दाखवलेलं बरं. छातीचीही तपासणी करून घे. ते नाही म्हणतील, तू ऐकू नकोस. ताट्या फार जुन्या झाल्या असतील तर कूलर बंद ठेवलास तरी हरकत नाही.

सप्टेंबरची वाट न पाहता ऑगस्टमध्येच पाठवलंस तरी चालेल. आता मला करमत नाही.

उत्तर लगेच दे.

तुझी,
राधाताई


मुहर्रक,
१२ सप्टेंबर १९९१

प्रिय ताई,
जयभीम.

अस्थी घेऊन आलो त्या चार दिवसांत आपण बोललोच नाही. पुण्यानुमोदनाला घर माणसांनी भरलेलं, आणि तू माझ्याकडे बघायचीस तेव्हा मी उठून पाणी आणायला जायचो. समोर जमलं नाही ते लिहितो.

तुझं जुलैचं पत्र तीन ऑगस्टला मिळालं होतं. वाचून खिशात ठेवलं. ओव्हरटाइम चालू होता. म्हटलं, ताईला सवयच आहे.

ताई, इथे धूर होता. तू एप्रिलमध्ये विचारलंस तेव्हाही होता. मी तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू बाबांना पाठवलं नसतंस. आईचं राहून गेलं, बाबा तरी येऊ देत, एवढाच विचार होता. माझा हट्ट होता तो.

ऑगस्ट लागला तसा उत्तरेचा वारा पडला. मग इथली खरी हवा सुरू झाली. सकाळी काच पुसली की पाच मिनिटांत परत ओली. घाम येतो पण वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळत राहतो. कूलर चालू ठेवला की खोली न्हाणीघरासारखी व्हायची. गाद्या दमट, भिंतीला बुरशी. मी पंखा आणखी जोरात केला. आपल्याकडे उकाडा वाढला की तेच करतात ना? बाबांचे पाय सुजले होते. मी गुडघ्याचं तेल चोळून दिलं.

रविवारी त्यांचे ओठ निळे दिसले. हॉस्पिटलात नेलं. सोमवारी, एकोणीस तारखेला, दुपारी गेले. सगळं इतकं झटपट झालं की तुला आधी कळवायला वेळच मिळाला नाही.

डॉक्टर ताहिर म्हणून हैदराबादचे आहेत. त्यांनी मला बसवून समजावलं. मी ताट्यांच्या काळ्या पाण्याबद्दल सांगितलं, वाळा धूर अडवत होता म्हटलं. ते म्हणाले, "भाई, जो दिखा वो रुक गया. जो नहीं दिखा वो अंदर गया." धुरातले अगदी बारीक कण कुठल्याही ताटीला अडत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात. कूलर बाहेरची हवा आत ओढतो. मी धुराला बाबांच्या खाटेपर्यंत पंखा लावून आणत होतो. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, तो असता तर खिडकी बंद राहिली असती.

आणि दमटपणाचं म्हणाले, शरीर घाम वाळवून थंड होतं. आपल्या कोरड्या उन्हात वाळतो, इथे ऑगस्टमध्ये वाळत नाही. मग हृदय रक्त कातडीकडे ढकलत राहतं, दुप्पट काम करतं. ज्याची फुप्फुसं आधीच कोळशाने भरली आहेत त्याचं हृदय तसंही दमलेलं असतं. "दोनों तरफ से बोझ पड़ा," म्हणाले. पायाची सूज हृदयाची होती, गुडघ्याची नाही.

खदिजाबाई आली होती. मला वाटलं बोलेल काहीतरी. ती दारात उभं राहून रडली फक्त.

कूलर मी उतरवला. रश्मी म्हणते, फेकून दे. अजून गच्चीवर आहे.

तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. मी ऐकून घेईन.

तुझा,
गोपी


नागपूर,
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय गोपी,

तुझं पत्र महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरते आहे. शाळेत मधल्या सुट्टीत काढते आणि परत ठेवते. सगळा दोष तू स्वतःच्या अंगावर घेतलास आणि मी तो घेऊ दिला. आता नाही जमत.

फेब्रुवारीत बाबांना इथे छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, कोळशाने फुप्फुसं कडक झाली आहेत आणि त्यांच्या ताणाने हृदय वाढलंय. धूर, धूळ, दमट हवा, यांपासून जपा. दोन गोळ्या रोज घ्यायच्या होत्या. मी त्या पिशवीत टाकल्या नाहीत, कारण तू नाव वाचून कोणाला तरी विचारलं असतंस. बाबांना म्हटलं, तीन महिने नाही घेतल्या तर काही बिघडत नाही. मी शिक्षिका आहे, गोपी. दुसऱ्याच्या मुलांना खरं बोलायला शिकवते.

का केलं, तेही सांगते. मी थकले होते. चार वर्षं रात्रीचा तो खोकला, उठून पाणी देणं, सकाळी डबे, शाळा. मला एक उन्हाळा झोपायचं होतं. तुला फोटोचं कळलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई, अशा अवस्थेत प्रवास नको. आणि बरोबरच म्हणाला असतास.

आणखी एक आहे. जुलैत मला बाबांचं पत्र आलं होतं, तुला न सांगता लिहिलेलं. धूर, काळी थुंकी, सगळं होतं त्यात. त्यांनी गळ्याची आण घातली होती. आपण आण-शपथा मानणारी माणसं नाही, बाबांनीच तसं वाढवलं आपल्याला. तरी मी ती पाळली. खरं तर आणेचं निमित्त झालं. तुला कळवायचं म्हणजे फोटोचंही सांगावं लागलं असतं. म्हणून "काही विशेष नाही" असं लिहिलं. गल्लीच्या कोपऱ्यावर फोनचा बूथ आहे. दोन मिनिटं चालावं लागतं.

पत्राची नक्कल सोबत पाठवते. मूळ मी ठेवून घेते आहे.

एसी लावू नकोस, कूलर लाव, हेही माझंच होतं. तू फक्त जोडलास.

तुझी,
राधा


मुहर्रक,
१० नोव्हेंबर १९९१

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. राग आला. चार दिवस आला. रश्मीशी बोललो नाही, वर्कशॉपमध्ये जयप्रकाशवर ओरडलो की बाबांचं पत्र टाकलंस आणि मला सांगितलं नाहीस. तो बिचारा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसानं विश्वासानं दिलं होतं." मग बाबांच्या पत्राची नक्कल परत वाचली. "मी म्हणतो, हो बाबू." त्या ओळीवर राग गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट आहे. त्यांना सगळं कळत होतं, ताई. मी ताट्या धुऊन काळं पाणी दाखवायचो आणि ते मान डोलवायचे.

परवा कुवेतची शेवटची विहीर विझली म्हणे. इथे आकाश निळं आहे, हवा गार आहे. लोक समुद्रावर फिरायला जातात. मी त्या बाजूला जात नाही.

तू सगळं लिहिलंस, म्हणून मलाही एक लिहिलं पाहिजे. मागच्या पत्रात मी परत खोटं लिहिलं होतं.

बाबांना रविवारी नाही, शुक्रवारी सकाळी नेलं. ते तीन दिवस हॉस्पिटलात होते. नाकाला नळी होती, पण शुद्धीत होते, बोलत होते. तुझ्या शाळेचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. शनिवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या फोनपाशी दहा मिनिटं उभा होतो. तुला काय सांगायचं? धूर कुठून आला हे तू विचारलं असतंस. डॉक्टर म्हणाले होते, उतार पडेल असं वाटतंय. म्हटलं, बरे झाले की सांगू, म्हणजे धुराचं सांगावंच लागणार नाही. परत फिरलो.

रविवारी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "राधीले कळवलं का?"

मी म्हणालो, "हो, फोन केला होता."

"मंग? काय म्हणे ते?"

ताई, मी म्हणालो, "म्हणाली, बाबांना सांग, लवकर बरे व्हा."

त्यांनी नाकाची नळी जरा सरकवली. मग म्हणाले, "एवढंच?" आणि कूस बदलली. नंतर तुझं नाव त्यांनी काढलं नाही.

तुझ्या तोंडी ते वाक्य मी घातलं. पोस्टकार्डावर कोणीही कोणालाही लिहितं तसलं. तुझ्याशी चार वर्षं रोज भांडलेल्या माणसाला मी तुझ्या नावाने तेवढंच दिलं, आणि ते घेऊन ते गेले. त्यांना वाटलं असेल, लेकीला एवढंच म्हणायचं होतं.

त्या दिवशी मी फोन लावला असता तर तू त्यांना काय म्हणाली असतीस, ते मला लिही. त्यांना पोहोचणार नाही, माहीत आहे. पण मला माहीत असू दे, मी त्यांच्यापासून काय ठेवून घेतलं.

तुझा,
गोपी